अंगात जादू असलेल्या नायकाचं करायचं काय?

आजचा विषय आहे ‘महाकाव्यात्म फँटसी’तला जादूगार नायक. शब्द भारदस्त आहेत, पण अर्थ साधा: कल्पित जगात घडणाऱ्या जादूच्या मोठ्या कथा. मी मात्र त्यातल्या एकाच पात्राबद्दल बोलणार आहे: उपजत जादू घेऊन आलेला तो पोरगा. गुरूंना जे शिकवायला वर्ष लागतं ते तो एका रात्रीत आत्मसात करतो, आणि त्याच्यासमोर शत्रूंची पळता भुई थोडी होते. पहिली शंभर पानं मजा येते. मग जांभया यायला लागतात, कारण ज्याला काहीच जड जात नाही त्याची काळजी आपण कशाला करू? (त्याच्या जन्माचं भाकीत कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असेल, तर जांभया जरा लवकर येतात.)

टोल्किन यांनी ही अडचण सरळ वळसा घालून टाळली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला जादू येत नाही. जादू येते गँडाल्फला, आणि ऐन प्रवासात लेखक त्यालाच मोरियाच्या पुलावरून दरीत पाडतो. तो परत भेटेपर्यंत सोबत्यांची पांगापांग झालेली असते. बलाढ्य माणूस हाताशी असता तर ती झाली असती का, हे तुम्हीच ठरवा.

अर्सुला ले ग्विन यांनी वळसा घातला नाही. १९६८च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा नायक गेड अफाट गुणी आहे. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जास्पर नावाचा एक विद्यार्थी त्याला डिवचतो, आणि गेड ईर्ष्येला पेटून मृतांपैकी एकीला बोलावतो. ती येतेही! पण जगाला पडलेल्या त्या भेगेतून एक काळी सावली बाहेर येते आणि त्याचा चेहरा ओरबाडते. भेग बुजवताना शाळेच्या वृद्ध महाजादूगाराचा प्राण जातो. माझ्या मते हा प्रसंग लिहायला फार धाडस लागतं. जास्परला हे जमलंच नसतं. एवढा अनर्थ करायला गेडइतकीच ताकद हवी. म्हणजे नायकावरचं संकट कुण्या दुष्ट राजाकडून आलेलं नाही, ते त्याच्या गुणातूनच जन्मलंय. पुढची सगळी कादंबरी त्या सावलीच्या पाठलागाची आहे. आधी ती त्याच्या मागे, मग तो तिच्या मागे.

पॅट्रिक रॉथफस यांची तऱ्हा वेगळी. २००७च्या ‘द नेम ऑफ द विंड’मधला क्वोथ इतका हुशार की विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेनंतर फी घ्यायची सोडून त्यालाच पैसे दिले जातात. इथे वाचक डोळे फिरवणार, हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो हिशेब लावत बसतो. इथली जादू दोन वस्तूंमध्ये नातं जोडण्याची आहे: एक हलवली की दुसरी हलते. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून तरी आणावी लागते, वाटेत थोडी वायाही जाते, आणि जवळ आग नसेल तर स्वतःच्या अंगातली ऊब खर्चून माणूस गारठतो. शिवाय पोरगा कायम कफल्लक. आईवडिलांना मारणाऱ्यांचा माग काढायला तो विद्यापीठात आला खरा, पण ज्या ग्रंथालयात तो माग लागायचा तिथे पेटती मेणबत्ती नेली म्हणून त्याला प्रवेशबंदी होते. मेणबत्ती विकणारा त्याचा हाडवैरी! इतकं डोकं असून असल्या साध्या डावाला तो फसतो, आणि तिथेच तो आपला होतो.

फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांचा याच धर्तीचा एक नियम आहे: जादूने पेच सोडवायचा, तर वाचकाला ती जादू जितकी कळलेली तितकीच ती सुटका त्याला पटते. मला वाटतं, हा नियम पेच सोडवण्यापेक्षा पेच घट्ट करायला जास्त उपयोगी पडतो. आग जवळ नाही हे वाचकाला कळलं, की नायकाच्या थंड पडलेल्या बोटांची त्याला आपोआप काळजी लागते.

क्वोथच्या बाबतीत लेखकाने आणखी एक खेळी केली आहे. हे सगळे पराक्रम तो स्वतःच सांगतोय, कित्येक वर्षांनी, नाव बदलून, एका खेड्यातल्या खानावळीचा मालक म्हणून. त्यामुळे थोड्या फुशारक्याही असतील, म्हणून सोडून देता येतं. पण त्याच खानावळीत एक भाडोत्री शिपाई अंगावर येतो, क्वोथ जुनी जादू करू पाहतो, आणि काहीही घडत नाही. त्यानंतर त्याच्या प्रत्येक विजयाच्या गोष्टीत आपण एकच शोधत राहतो: ही सगळी ताकद गेली कुठे?