पाण्याच्या मागं, आडवाटेनं

[दृश्य: कोयना धरणाची भिंत, सकाळचं धुकं]

कोयनानगर. सातारा जिल्ह्याचा पश्चिम काठ. इथं वर्षाला साडेचार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इथून सरळ पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर सांगली जिल्ह्यातलं आटपाडी. तिथं तो पाचशेच्या आतच थांबतो. पुणे-बंगळूर महामार्गावरून कितीही वेळा गेलात तरी हा फरक दिसणार नाही. महामार्ग जातो उत्तर-दक्षिण, आणि आपल्याकडचा पाऊस बदलतो पश्चिमेकडून पूर्वेकडं. तो बघायचा तर मुलूख आडवा कापावा लागतो. म्हणून हा प्रवास, एटीव्हीवरून, म्हणजे आडवाटांसाठी बनवलेल्या छोट्या उघड्या गाडीवरून.

[दृश्य: रुंद टायर, हँडल, अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल]

चार चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, अंगठ्याखाली थ्रॉटल. आपल्याकडं बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मंजुरी मिळालेली एटीव्ही मात्र नंबरप्लेट लावून चालवता येते, आमची तशी आहे. कारच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, हिच्यात पाच ते सात. त्यामुळं टायर दगडावर दबतो, चिखलात पसरतो. डांबरावर मात्र ही गाडी जड जाते. वळणावर चालवणाऱ्यानं स्वतः आतल्या बाजूला झुकायचं, नाहीतर ती सरळच जाऊ बघते. तिचं खरं रान म्हणजे पाणंद.

पाटणच्या खोऱ्यात पाणंदी अजून जिवंत आहेत. दोन्ही बाजूंना बांध, वर करवंदीची जाळी, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभा दगड आणि पवनचक्क्या. सड्यावर थांबलं की एक गोष्ट मनात घोळत राहते. १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं, आणि त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला, कोकणात उतरवता येतं. तिथून ते समुद्राला मिळतं. पूर्वेकडच्या लोकांचा जीव उरलेल्या पाण्यावर.

[दृश्य: प्रीतिसंगम, मग उसाच्या ट्रॉल्यांची रांग]

कराडला कोयना कृष्णेला मिळते. इथून पुढं ऊसच ऊस. गळिताचा हंगाम असला की आडरस्तेसुद्धा ट्रॉल्यांनी भरतात. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की एटीव्ही बांधावर चढवायची आणि थांबायचं. त्याला मागं घेता येत नाही, आपल्याला येतं.

कराडच्या खाली, नदीकाठी, टेंभू. या गावाचं नाव दुष्काळी पट्ट्यात पोराटोरांना पाठ आहे. इथं कृष्णेचं पाणी पंपांनी उचलतात, पुढच्या टप्प्यावर पुन्हा उचलतात, आणि असं टप्प्याटप्प्यानं ते कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत नेतात. आमची वाट आता याच पाण्याच्या शेजारून आहे. कालव्याकडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा, परवानगी काढूनच त्यावर चाक घालायचं. गाडी चढाला लागलेली आणि बाजूचं पाणीही याच डोंगरावर चढवलेलं. त्यामागं किती वीज, किती वर्षांची आंदोलनं, किती बैठका आहेत, हे त्या संथ पाण्याकडं बघून कळत नाही.

[दृश्य: मेंढरांचा कळप, इंजिन बंद]

कडेगावच्या पुढं मेंढरं आडवी आली. इंजिन लगेच बंद केलं. मेंढरू बुजलं की कळप फुटतो, आणि तो गोळा करता करता धनगराचा दिवस जातो. हे माणदेशाकडचे धनगर. दिवाळीनंतर ते कळप घेऊन पश्चिमेला येतात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, रानाला खत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. पाऊस पडला की परत. म्हातारबाबांनी गाडीला एक फेरी मारली.

"कुठलं पावणं?"

"कोयनेकडनं आलोय, बाबा. जतला निघालोय."

"ह्येच्यावर? मग सावकाश जावा. म्होरं फुफाटा हाय."

फुफाटा होताच. भिवघाट उतरून आटपाडीच्या बाजूला आलो की माती हलकी होते, बाभळी वाढतात, आणि मागच्या गाडीला पुढची दिसत नाही. इथं दर मुक्कामी एअर फिल्टर झाडावाच लागतो. नाही झाडला तर इंजिनात बारीक धूळ जाते आणि दम संपतो. पण याच माळावर डाळिंबाच्या बागा आहेत. टँकरचं विकतचं पाणी घालून ज्यांनी त्या उन्हाळ्यातून काढल्या, त्यांच्या बांधावर आता ठिबकच्या नळ्या भरलेल्या दिसतात. मला वाटतं, सांगली जिल्ह्याचं खरं धाडस इथं आहे.

[दृश्य: माळरान, माडग्याळी मेंढ्या, कन्नड पाटी]

जत तालुका. बोली कन्नडकडं झुकते, गावं लांबलांब होतात. इथं पाणी येतं ते म्हैसाळ योजनेचं, मिरजेच्या खाली कृष्णेतून उचललेलं. पूर्वेकडच्या गावांना त्याची फार वाट बघावी लागली आहे. इतकी, की काही गावांनी कर्नाटकात जायचा ठरावही केला होता.

चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्यानं गाडीची किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही.

"कराडवरनं आलासा न्हवं? नदीला पाणी किती हाय?"

"चांगलं आहे, काका."

"आन् कोयनेत?"

"तिथंही."

"मग उन्हाळ्यात आवर्तन मिळंल," असं म्हणून त्यांनी बाकड्यावर सरकून आम्हाला जागा करून दिली.