हॉट टबचे पाणी : नितळपणा आणि निर्जंतुकपणा

फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे भरलेल्या फुलांच्या प्रदर्शनात एक हॉट टब, म्हणजे गरम पाण्याचे खळाळते स्नानकुंड, केवळ पाहण्यासाठी मांडलेला होता. त्याच्या खळाळत्या पाण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर लिजिओनेला हा जिवाणू हवेत पसरला, शंभराहून अधिक लोकांना न्यूमोनिया झाला आणि त्यांतील अनेक जण दगावले. त्या पाण्यात कोणी उतरलेही नव्हते. म्हणून आपल्याकडे लोणावळ्याच्या बंगल्यांतून ‘पाणी नितळ दिसते आहे, मग तपासायचे कशाला?’ असे कोणी विचारले, की मला मनापासून काळजी वाटते.

अंगाला सुखावणारे ३७ ते ४० अंश तापमान याच जिवाणूच्या वाढीलाही मानवते, आणि त्याच उष्णतेने क्लोरीन झपाट्याने संपते. त्यात टब लहान असतो. १५०० लिटर पाण्यात चार माणसे बसली, की घाम, तेल आणि त्वचेचे कण यांचा भार पोहण्याच्या तलावापेक्षा माणशी कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेले क्लोरीन, दशलक्ष भागांत किमान ३ भाग हवे, ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८.

मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नये, कारण क्लोरीन किती प्रभावी ठरेल हे सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. जंतूंना मारण्याचे काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते. सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मे या रूपात असते, ८ वर गेला की जेमतेम पाव उरते. चाचणीपट्टीवर क्लोरीन पुरेसे दिसूनही पाणी असुरक्षित राहते ते यामुळेच. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा.

हवेचे झोत पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत असल्याने सामू आपोआप वर चढत राहतो. त्याला आम्ल घालून आवर घालण्याआधी एकूण क्षारता, म्हणजे सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, दशलक्ष भागांत ८० ते १२० भागांवर आणावी, कारण क्षारता कमी असेल तर थोड्याशा आम्लानेही सामू कोसळतो. १५०० लिटर पाण्याची क्षारता ४० ने वाढवायला सुमारे १०० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो घालून, पंप चालवून, पुन्हा मोजणी करावी आणि मगच सामूकडे वळावे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर हीटरवर पापुद्रा धरतो, तेव्हा भरण्यापूर्वीच त्याची कठिणता पाहावी.

दर तीन-चार महिन्यांनी, आणि वापर जास्त असेल तर त्याआधीच, सगळे पाणी बदलावे. जुने पाणी सोडण्यापूर्वी नळ्या धुण्याचे द्रावण घालून पंप चालवणे टाळू नये, कारण नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात क्लोरीन नीट पोहोचत नाही आणि तिथे टिकून राहिलेले जिवाणू नव्या पाण्यात पुन्हा उतरतात.