साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

सप्टेंबर 1896. मुंबईच्या गोदीलगत, धान्याच्या वखारी आणि माणसांनी खचाखच भरलेल्या चाळी यांच्या मधोमध वसलेल्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरातील जवळपास निम्म्या लोकांनी आपापल्या गावाची वाट धरली.

प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसांत येतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. कोंदट हवा, ओल आणि अंधार हेच रोगाचे मूळ मानले गेले आणि माणसाबरोबर घरही रोगी ठरले. भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवली गेली, आणि काही घरांवर 'राहण्यास अयोग्य' असा शिक्का बसला.

याच समजुतीतून 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या शहरसुधारणेसाठीच्या सरकारी संस्थेची स्थापना झाली. समुद्राकडचा वारा दाट वस्तीत शिरावा यासाठी ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते जुनी घरे पाडून काढले. उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी झाली. आजची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्याच योजनेतल्या. मध्यमवर्गाला मोकळी हवा मिळाली. घर गमावलेला गिरणीकामगार किंवा हमाल मात्र कामाजवळच राहणे भाग असल्याने शेजारच्या चाळीत शिरला, आणि तिथली दाटी आणखी वाढली. निदान अर्धवट होते, आणि उपचाराचा भुर्दंड पडला तो गरिबावर.

तरीही ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी आग्रहाने मांडलेला एक नियम मोलाचा होता. तळमजल्याच्या खिडकीपाशी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात आकाश दिसले पाहिजे. साध्या हिशेबात, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी. उजेडाचे हे गणित प्लेगला लागू पडत नसले, तरी क्षयरोगाला चांगलेच लागू पडते.

आजच्या मुंबईत, मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत झालेल्या अभ्यासात क्षयाचे रुग्ण खालच्या, ऊनवारा न पोहोचणाऱ्या मजल्यांवर अधिक आढळले. ऑर यांच्या हिशेबाने 22 मीटर उंच इमारतीसमोर 11 मीटर जागा मोकळी हवी. इथे दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम 3 मीटर आहे, आणि तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो.