पिटो नळी, स्टॅटिक पोर्ट, व्हेंट : लहान विमानाची छिद्रे मोकळी राखताना

एक इंजिनाच्या लहान विमानाच्या पंखाखाली, पुढच्या दिशेला तोंड करून बसवलेली ही बारीक नळी पाहा. फ्रेंच अभियंता आंरी पितो याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी जी युक्ती योजली, तीच या पिटो नळीत आजही वापरली जाते. विमान पुढे जाऊ लागले की समोरची हवा नळीच्या तोंडाशी अडते आणि तिथला दाब वाढतो. विमानाच्या धडावर, पत्र्याशी सपाट असलेले दुसरे छिद्र म्हणजे स्टॅटिक पोर्ट. ते केवळ सभोवतालच्या हवेचा दाब घेते. या दोन दाबांतील फरकावर वेगदर्शकाचा काटा चालतो, तर उंचीदर्शक आणि चढ-उताराचा दर दाखवणारे यंत्र ही दोन्ही केवळ स्टॅटिक पोर्टच्या भरवशावर असतात.

पाणी, धूळ, रंगकामाचे थेंब, बर्फ यांपैकी काहीही या छिद्रांत अडकू शकते. परंतु उष्ण प्रदेशात सर्वाधिक सावध राहावे लागते ते कुंभारीण माशीपासून. घरटे करण्यासाठी ती तयार पोकळी शोधते आणि मातीने तिचे तोंड लिंपून टाकते. २०१३ साली ब्रिस्बेन विमानतळावर एका एअरबस ए-३३० विमानाची पिटो नळी अशा घरट्याने बंद झाली, तेव्हा ते विमान जमिनीवर जेमतेम दोन तास उभे होते. त्यामुळे मुक्काम थोड्या वेळाचा आहे म्हणून झाकण न लावणे, ही सवय मोडलीच पाहिजे.

नळी बंद झाल्यावर काय घडते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. नळीचे तोंड बंद झाले पण पाणी निथळण्याचे तिचे लहान छिद्र उघडे राहिले, तर आतला दाब निघून जातो आणि काटा शून्याकडे येतो. हा बिघाड निदान लपून राहत नाही. मात्र तोंड आणि निथळण्याचे छिद्र ही दोन्ही बंद झाली, तर नळीतला दाब तिथेच कोंडला जातो. विमान जसजसे वर चढते, तसतसा बाहेरचा दाब कमी होतो, दोन दाबांतील फरक वाढतो आणि वेग वाढलेला नसतानाही काटा पुढे सरकू लागतो. वेग जास्त झाला असे समजून वैमानिक नाक आणखी वर उचलतो, शक्ती कमी करतो, आणि शेवटी पंखांवरचा उचल देणारा प्रवाहच तुटतो. १ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यात एक बोइंग ७२७ विमान असेच कोसळले, कारण पिटो नळी तापवणारा हीटर चालू केलेला नव्हता आणि नळीत बर्फ धरला होता. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बोइंग ७५७ समुद्रात पडले आणि त्यातील १८९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. ते विमान झाकणांविना कित्येक दिवस उभे होते, आणि नळीत कुंभारीण माशीने घर केले असावे, असा निष्कर्ष तपासातून निघाला.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेल्या दुसऱ्या बोइंग ७५७ विमानाचे स्टॅटिक पोर्ट धुण्या-पुसण्याच्या वेळी चिकटपट्टीने झाकले होते आणि ती पट्टी काढायची राहून गेली. रात्री, समुद्रावर, वैमानिकांना ना वेग कळत होता ना उंची. त्यांनी नियंत्रकाला उंची विचारली; पण नियंत्रकाच्या पडद्यावरचा आकडा विमानातील त्याच बंद पडलेल्या छिद्रावरून येत होता. त्या विमानातील ७० जण गेले. छिद्राला जपण्यासाठी लावलेली वस्तूच जीवघेणी ठरू शकते, म्हणून झाकण लावण्याइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्व ते काढण्याला दिले पाहिजे.

इंधनाच्या टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारी नळी, याच न्यायाने जपावा लागतो, जरी त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. इंजिन जेवढे इंधन ओढते तेवढी हवा टाकीत आली नाही, तर आत निर्वात पोकळी होऊ लागते, इंधनाचा प्रवाह मंदावतो आणि टाकीत भरपूर इंधन असताना इंजिन बंद पडते. सेस्ना १७२ विमानात ही नळी डाव्या पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या मागे असते. इंजिनाच्या क्रँककेसमधील, म्हणजे फिरता दांडा (क्रँकशाफ्ट) असलेल्या कवचातील, वाफ बाहेर सोडणारी श्वसननळी कडाक्याच्या थंडीत टोकाशी गोठते, तेव्हा आतला दाब क्रँकशाफ्टचे पुढचे सील उडवून देतो आणि तेल वाहून जाते.

झाकण विमानाच्याच प्रकारासाठी बनवलेले, घट्ट बसणारे आणि दुरून दिसेल अशा लांब लाल फितीचे असावे. चिकटपट्टी वापरण्याची वेळ आलीच, तर ती भडक रंगाची असावी, आणि किती ठिकाणी लावली हे कागदावर लिहून कॉकपिटमध्ये समोर ठेवावे. फीत आहे म्हणून कोणीतरी पाहीलच, असे मात्र धरून चालू नये. २०१८ च्या जुलैमध्ये ब्रिस्बेनहूनच एक ए-३३० पिटो नळ्यांवरची झाकणे तशीच ठेवून उडाले. ते सुखरूप परतले, पण वेगदर्शकांविना.

उड्डाणापूर्वीच्या फेरीत प्रत्येक छिद्रासमोर थांबून, वाकून आत पाहावे. नळीभोवती मातीचा कण दिसला, तर नळीत फुंकर मारू नये आणि तारही खुपसू नये. फुंकरीचा दाब वेगदर्शकाच्या आतील, दाबाने हलणाऱ्या नाजूक पडद्याला इजा करू शकतो आणि तारेने माती आणखी आत जाते. नळ्या उपकरणांपासून सोडवून, मग हवेच्या दाबाने साफ करणे आणि गळती तपासणे हे मेकॅनिकचे काम आहे. हीटर तपासण्याआधी झाकण काढलेले हवे, अन्यथा ते नळीवर वितळून बसते.

धावपट्टीवर वेग घेताना काटा हलला नाही, तर शक्ती काढून विमान तिथेच थांबवावे. पुएर्तो प्लाताच्या कॅप्टनला धाव चालू असतानाच आपला वेगदर्शक चालत नसल्याचे दिसले होते. हवेत असताना शंका आली, तर नाकाचा कोन आणि इंजिनाची शक्ती या दोन ज्ञात गोष्टींवर विमान स्थिर ठेवावे. स्टॅटिक पोर्टचा संशय असेल, तर पर्यायी स्टॅटिक झडप उघडावी. ती केबिनमधील हवा घेते आणि तिथला दाब बाहेरच्याहून सहसा किंचित कमी असतो, त्यामुळे वेग आणि उंची दोन्ही थोडी जास्त दिसतात. ही तफावत किती, याचे कोष्टक विमानाच्या पुस्तिकेत असते आणि ते जमिनीवर असतानाच वाचून ठेवायचे असते.