वहीत नसलेलं नाव

पहाटेचे पाच. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला उसाचा फड. पाल्यावर दव एवढं, की कोयता बसला की तोडणाऱ्याच्या अंगावर पाणी निथळतं.

आईबाप तोडतायत. बांधाकडेला पाचटावर गोधडी अंथरून दीड वर्षाचं पोर निजवलंय. शेजारी त्याची बहीण, वय नऊ. दोन वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, एकमेकांत गुंतवायची, एक टोक पायाखाली दाबायचं आणि पीळ द्यायचा. मोळी बांधायला बंध तयार. मधेच भावाच्या अंगावरची गोधडी सारखी करते.

"तूही कामाला असतीस?"

"न्हाई. भावाला सांभाळते."

कुटुंब बीडकडचं. गळीत हंगामाला यायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. शाळेचं वर्ष यात मधोमध तुटतं. टोळी आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्याच्या वहीत नावं दोनच. पोरीचं नाव आहे गावाकडच्या हजेरीपटावर, पण तिथं पोर नाही.

काही ठिकाणी ऊसतोड्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या. पण ही शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघणार? आईला फडातून हलता येत नाही. उचल फिटायचीय.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं कामाला जुंपलेली आहेत. त्यातली ६१ टक्के शेतीत. आपल्या डोळ्यांपुढं मात्र चहाच्या गाड्यावरचा पोऱ्याच येतो. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये मुलं कोकोची फळं फोडतात, तीही कोयत्यानंच. चॉकलेटला कोको तिकडचा, साखर अशाच कुठल्यातरी फडातली.

याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. त्या योजनेतली पहिली शाळा १९१८ मध्ये चिखलीला निघाली, याच तालुक्यात. आज तो दंड कुणाकडून घ्यायचा? बापाकडून, मुकादमाकडून, की साखर खाणाऱ्या आपल्याकडून?

ऊन वर आलंय. आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतेय. धाकटा उठून रडायला लागलाय. पोरीनं त्याला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं पडलेली वाढी वेचायला लागली. संध्याकाळी वैरणीला चार पेंड्या विकल्या गेल्या, तर चटणी-मिठाचं भागतं.