काटा शून्यावर का बसला?

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या गाडीतले पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारी जुनी जोडी, काढून ज्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असेल. चावी फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, आयडलिंग कधी नव्हतं इतकं एकसारखं. आनंदानं डॅशबोर्डकडे बघावं, तर टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर ढिम्म. नाहीतर इंजिन निवांत 800 फेऱ्यांवर आणि काटा 1600 दाखवतोय. माझ्या पहिल्या गाडीत असं झालं तेव्हा मीटर गेला असं धरून मी दोन महिने दुसरा मीटर शोधत फिरलो. मीटर अगदी ठणठणीत होता. हे आज सांगायला बसलोय ते त्यासाठीच, कारण चांगले जुने मीटर अशाच गैरसमजातून फेकले जातात.

विजेवर चालणारा हा मीटर इंजिनाच्या फेऱ्या थेट मोजत नाही, इग्निशनचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला 2 ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरला 3, आठला 4. म्हणजे चार सिलिंडरचं इंजिन 3000 वर असेल तर सेकंदाला 100 ठोके. पॉइंट होते तेव्हा कॉइलमधला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतला, तीन-चार अँपिअरचा करंट उघडझाप होऊन तुटायचा, आणि मीटर त्याच धक्क्यांच्या हिशोबानं बनवलेला होता. पॉइंटच्या जागी बसवलेलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही करंट तोडतं, पण त्याची चढउतार वेगळी असते. त्यात कमी रेझिस्टन्सची कॉइल बसवली, 3 ओहमऐवजी दीड, की करंट जवळपास दुप्पट होऊ शकतो. मीटरला ओळखीचा ठोकाच मिळत नाही, किंवा एका ठोक्याचे दोन ऐकू येतात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी आपला मीटर काय मोजतो ते बघा. ब्रिटिश गाड्यांमधल्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरवर हे लिहिलेलंच असतं. डायलच्या तळाशी, भिंग घेऊन वाचावीत इतकी बारीक अक्षरं असतात. 'आरव्हीआय' असेल तर तो करंट ओळखणारा, 'आरव्हीसी' असेल तर व्होल्टेज. मीटर मागून बघितला तरी कळतं. आरव्हीआयच्या पाठीवर इग्निशनची पांढरी वायर वेढा घेऊन आत-बाहेर जाते. ती कुठल्या स्क्रूला जोडलेली नसते, नुसती जवळून जाते आणि मीटर तिच्यातला करंट हेरतो. आरव्हीसीला मात्र कॉइलच्या निगेटिव्हकडून एक वायर थेट आलेली असते. आणि मीटर केबलवर फिरणारा असेल तर त्याचा इग्निशनशी संबंधच नाही. केबल डिस्ट्रिब्युटरवरून, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावरून, निघत असेल तर एवढंच बघा, की नवा डिस्ट्रिब्युटर आणताना त्याला केबलची जागा आहे ना.

खरी डोकेदुखी आरव्हीआयची. बहुतेक वेळा चूक मॉड्यूलच्या पॉवरच्या लाल वायरीत सापडते. ती कॉइलच्या पॉझिटिव्हवर जोडणं सोपं जातं, म्हणून सगळे तिथेच जोडतात. मग मॉड्यूल स्वतः खातं तो करंटही मीटरच्या वेढ्यातूनच जातो आणि मोजणीत घोळ होतो. शिवाय लाइनमध्ये बॅलस्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर, असेल तर मॉड्यूलला पूर्ण 12 व्होल्ट मिळतच नाहीत, इंजिन मिसिंग करायला लागतं आणि काटा नाचतो. ती लाल वायर वेढ्याच्या आणि बॅलस्टच्या अलीकडून, इग्निशन स्विचकडून येणाऱ्या लाइनवरून घ्या. वेढ्यातून फक्त कॉइलचा करंट गेला पाहिजे. माझ्या गाडीत एवढ्यानंच निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं वेढ्यांत होतं. काटा दुप्पट दाखवत असेल तर एक वेढा कमी करून बघा, अजिबात हलत नसेल तर एक वाढवून. आधी बॅटरीची वायर काढा, मूळ वेढा कसा आहे त्याचा फोटो घ्या, आणि दिशा बदलू नका. उलटा वेढा घातला तर मीटर मुकाच राहतो. पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, गाडी कोणी निगेटिव्ह केली असेल तर मीटरचं आतलं वायरिंगही तेव्हा बदललं होतं का, ते तपासा. नुसती बॅटरी फिरवून भागत नाही.

आरव्हीसीच्या बाबतीत काटा थरथरत असेल तर कॉइलकडून येणाऱ्या त्या वायरीत रेझिस्टर घाला, 10 किलोओहमपासून सुरुवात करा. कॉइलच्या निगेटिव्हवर शेकडो व्होल्टचा उसळा येतो, तो दबला की काटा शांत होतो. पण त्याआधी मीटरची अर्थ वायर घासूनपुसून घट्ट करा. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या असतील तर रेझिस्टरवाल्या घाला, कारण तांब्याच्या वायरी विजेचा गोंगाट फार करतात.

सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडून ठिणगी पाडणारा बॉक्स बसवलेल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. तो बॉक्स कॉइलमध्ये चारशेच्या घरातले व्होल्ट सोडतो आणि कमी फेऱ्यांवर एका वेळी अनेक ठिणग्या देऊ शकतो. टॅकोमीटरची वायर कॉइलला लावूच नका. बॉक्सवर टॅकोमीटरसाठी वेगळी जागा दिलेली असते, तिथेच लावा. मीटर करंट ओळखणारा असेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतो.

इतकं करूनही काटा ऐकत नसेल, तर आतले जुने ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर थकलेले असू शकतात. त्याच डब्यात नवं सर्किट बसवून मिळतं. डायल तोच, काटा तोच, डाव्या-उजव्या मीटरच्या रंगाशी जुळणारा. नवा मीटर आणण्यापेक्षा मला हेच योग्य वाटतं.

शेवटी तपासणी. फेऱ्या दाखवणारी टायमिंग लाइट किंवा मल्टिमीटर लावा आणि 1000, 2000, 3000 वर दोन्ही आकडे ताडून बघा. फरक सगळीकडे सारख्याच प्रमाणात असेल तर मीटरच्या आतला जुळवणीचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवा, पुन्हा मोजा. इंजिन पूर्ण तापल्यावर एकदा आणखी बघा, आणि मगच काच आणि कडी बसवा.

नमस्कार.