मूळ कथेतली जोडी की आपण जुळवलेली?

फॅनफिक, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेली कथा, लिहिणाऱ्याला हमखास विचारतात, मूळ लेखकाने दोघांचं लग्न लावून दिलंय, मग तुम्ही तिसऱ्याला का मध्ये आणता? जे मूळ जोडीवरच लिहितात त्यांना उलटा प्रश्न येतो, सगळं जुळलंच आहे, आता लिहायला उरलं काय? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. मूळ कृतीत जागा कुठे मोकळी राहिली आहे ते पाहा. लिहिणारा तिथेच शिरतो. एखाद्याला जोडी कशी लागते ते सौंदर्य किंवा स्वभावापेक्षा यावरच जास्त ठरतं की त्याला जवळ येणं लिहायचंय की जवळ आल्यानंतरचं एकत्र राहणं.

मूळ कृतीत जे घडलं आहे त्याला चाहते ‘कॅनन’ म्हणतात. आधी नॉन-कॅनन, म्हणजे आपणच जुळवलेल्या जोड्यांकडे बघू, कारण तिथली कारणं अधिक गुंतागुंतीची आहेत. सगळ्यात मोठं कारण साधं आहे : पडद्यावर मिळालेला वेळ. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची मालिका १९६६ ते १९६९ मध्ये दाखवली गेली. तिच्यात कॅप्टन कर्कची प्रेयसी बहुधा एका भागापुरती येई आणि भागाबरोबर जाई. त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक मात्र दर आठवड्याला शेजारी उभा असे. एकमेकांसाठी जीव धोक्यात घालणं, हुकूम मोडणं, न बोलता मनातलं ओळखणं, हे सगळं त्या दोघांच्या वाट्याला आलेलं. प्रेमकथेला लागणारा कच्चा माल मालिकेने ज्या दोघांत ओतला, चाहत्यांनी त्यांचीच जोडी केली. १९७४ साली चाहत्यांच्या एका नियतकालिकात या दोघांवरची छोटी प्रणयकथा छापली गेली. छापील कथांमध्ये ती पहिली मानतात, आणि तिच्यात पात्रांची नावंसुद्धा घेतलेली नव्हती. समलिंगी जोड्या मुख्य धारेतल्या कथांमध्ये जवळजवळ दिसतच नव्हत्या, त्या काळात हे लेखन झालं, हेही विसरता येत नाही. ज्यांना आपल्यासारखी माणसं प्रेमात पडलेली वाचायची होती, त्यांना ती स्वतःच लिहावी लागली.

दुसरं कारण म्हणजे लेखकाचा निर्णय न पटणं, आणि ते इंटरनेटच्या फार आधीचं आहे. लुईझा मे अल्कॉटच्या ‘लिटिल विमेन’ या कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये आला. नायिका जो आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांचं लग्न व्हावं म्हणून वाचक मुली तिला पत्रं लिहू लागल्या. कुणाला खूश करायला आपण हे लग्न लावणार नाही, अशी नोंद तिने त्याच वर्षी रोजनिशीत केली, आणि १८६९ च्या दुसऱ्या भागात जोचं लग्न वयाने बऱ्याच मोठ्या प्राध्यापकाशी लावलं. तिच्याकडे तिची कारणं होती. पण जो-लॉरीचे प्रसंग तिनेच इतके जिवंत लिहिले होते की नंतरच्या निर्णयाने ते पुसले गेले नाहीत. ‘हॅरी पॉटर’च्या शेवटच्या पुस्तकाला २००७ मध्ये १९ वर्षांनंतरचा उपसंहार जोडलेला आला, तेव्हा अनेक फॅनफिक लेखकांनी पुस्तक प्रमाण मानलं आणि उपसंहार तेवढा बाजूला ठेवला. तसं सांगणारी खूणही कथेच्या माथ्यावर देण्याची पद्धत पडली.

आता प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर काय होतं ते पाहू. समजा, एका कादंबरीत राणीचं तिच्या नवऱ्यावर प्रेम आहे आणि तुम्हाला ती शत्रूच्या सेनापतीबरोबर हवी आहे. मूळ कथेत तहाच्या बोलणीवेळी सेनापती तिची जप्त केलेली तलवार परत करतो, आणि देताना मूठ तिच्याकडे, पातं स्वतःकडे ठेवतो. एकच ओळ आहे. पण आपल्याला तेवढंच हवं असतं. अशा दोन-तीन जागा शोधून काढा. एकही सापडत नसेल तर वाचकाला पटवायचा सगळा भार तुमच्यावर पडतो आणि कथा लांबते. मग फाटा कुठे फोडायचा ते ठरवा. मूळ घटनाक्रमात एकच बदल करा : तह मोडतो आणि राणीला ओलीस म्हणून छावणीत राहावं लागतं. बाकीचं त्यातून आपोआप निघालं पाहिजे. दोन हजार शब्दांत शत्रूपासून प्रियकरापर्यंत पोचता येत नाही. तेवढ्यात एक कबुली मावते, फार तर एक स्पर्श. पूर्ण प्रवास हवा असेल तर पन्नास हजारांची तयारी ठेवा, आणि वाचकाला ही ‘स्लो बर्न’, म्हणजे प्रेम हळूहळू फुलवणारी कथा आहे हे आधीच सांगा.

इथे हमखास बिघडतं ते नवऱ्याचं पात्र. राणीला मोकळं करायचं म्हणून मूळ कथेतला समंजस माणूस तिसऱ्या प्रकरणात हात उगारतो. वाचक तिथेच कथा सोडतो, कारण ज्याने एका पात्राचा स्वभाव सोयीसाठी मोडला तो बाकीच्यांचाही मोडेल, हे त्याला कळतं. नवऱ्याला चांगलाच राहू द्या. राणीची ओढाताण खरी होते ती त्यामुळेच.

कॅनन जोडीवर लिहिणाऱ्याला हे सगळं सिद्ध करावं लागत नाही. वाचक आधीच राजी असतो. म्हणून पहिल्याच ओळीत दोघं एका घरात, एका भांडणाच्या मध्यावर असू शकतात. मूळ कथा लग्नापाशी किंवा युद्ध संपताना थांबते. आजारपण, कंटाळा, पैशाची काळजी, जुन्या दुःखाचं रात्री उठून बसणं, हे सगळं बाकी असतं. ज्यांना सहजीवन लिहायला आवडतं ते इथे रमतात, आणि मला हे काम जास्त कठीण वाटतं. ताण बाहेरून आणता येत नाही. नवशिक्या लेखकाची ठरलेली चूक म्हणजे गैरसमज : मूळ कथेत एकमेकांना सगळं सांगणारी दोन माणसं एक चिठ्ठी चुकीची वाचून आठ प्रकरणं अबोला धरतात. त्याऐवजी मूळ कथेनेच दिलेला मतभेद घ्या आणि त्याला घरात आणून बसवा.

मालिका अजून चालू असेल तर आणखी एक धोका असतो. पुढचा भाग तुमची कथा खोटी पाडू शकतो. म्हणून कितव्या भागापर्यंतची कथा गृहीत धरली आहे ते सुरुवातीलाच लिहावं.

जोडीची खूणही चोख हवी. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या ऑनलाइन संग्रहात दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर नातं प्रणयाचं, ‘अँड’चं चिन्ह असेल तर मैत्रीचं किंवा घरच्यांचं. मैत्रीच्या कथेवर तिरकी रेघ दिली की प्रेमकथा शोधत आलेला वाचक चिडतो, आणि त्याचं चुकत नाही. जपानी चाहते नावांमध्ये गुणाकाराचं चिन्ह वापरतात. तिथे कुणाचं नाव आधी यालाही अर्थ असतो, कारण पुढाकार कुणाचा ते त्या क्रमावरून कळतं. क्रम उलटला की काही वाचकांच्या लेखी ती जोडीच वेगळी.

आणि कॅननची रेघ हलतेसुद्धा. ‘द लेजेंड ऑफ कोरा’ ही अ‍ॅनिमेशन मालिका डिसेंबर २०१४ मध्ये संपली ती नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घालून निघाल्या त्या दृश्यावर, आणि हे प्रेमच आहे असं निर्मात्यांनी लगेच जाहीर केलं. त्याआधी या दोघींवर लिहिलेल्या कथा तशाच राहिल्या. त्यांतली पटवून देण्याची धडपड, चोरटे कटाक्ष, उशिरा आलेली कबुली आजही वाचली जाते. नव्याने लिहिणाऱ्यांना मात्र आता त्या दोघी निघाल्यावर पुढे कुठे गेल्या, इथून सुरुवात करता येते.